टेक्सासमध्ये पिस्तुलाचा परवाना काढताना

टेक्सासमध्ये पिस्तूल जवळ बाळगायला आता परवाना लागत नाही. १ सप्टेंबर २०२१ पासून तसा कायदाच झाला. कायद्यात वयाची २१ वर्षं पूर्ण हवीत असं लिहिलंय, पण २०२२ च्या न्यायालयाच्या निकालानंतर १८ पुरेशी आहेत; गुन्ह्यांमुळे शस्त्रबंदी झालेली नसावी आणि पिस्तूल उघड दिसणार असेल तर ते होल्स्टरमध्ये, म्हणजे पिस्तुलाच्या म्यानात हवं. एवढं असलं की कमरेला लावून कोथिंबीर आणायला गेलात तरी कुणी अडवणार नाही. तरीही मी त्यानंतर दोन वर्षांनी वर्गात बसले, लेखी परीक्षा दिली, रेंजवर गोळ्या झाडल्या, बोटांचे ठसे दिले आणि चाळीस डॉलर भरून राज्याचा परवाना काढला. इथे त्याला ‘लायसन्स टू कॅरी’ म्हणतात, बोलताना नुसतं एलटीसी. नवऱ्याला हा शुद्ध वेडेपणा वाटला. “जे फुकट मिळतंय त्यासाठी रांगेत उभी राहणारी तूच एक,” असं तो आल्यागेल्याला सांगत होता.

आमचं ह्यूस्टनच्या पश्चिमेकडच्या उपनगरात किराण्याचं दुकान आहे. डाळी, पीठ, मसाले, फ्रीजरमधले पराठे, शनिवार-रविवारी गरम समोसे. गल्ल्यात रोकड असते, कारण आमची निम्मी वयस्कर गिऱ्हाइकं अजून कार्ड काढायला तयार नसतात. रात्री दुकान बंद करून रोकडीची पिशवी बँकेच्या नाइट ड्रॉपमध्ये, म्हणजे भिंतीतल्या झडपेत टाकायची असते आणि ते काम बहुतेक वेळा माझ्याकडे येतं. आमच्याच रांगेतल्या एका दुकानदाराला असंच रात्री गाडीपाशी गाठून लुटलं. त्याला लागलं नाही, पण नंतर कितीतरी आठवडे तो दुकान उजेडातच बंद करत होता. त्याच सुमारास, मे २०२३ मध्ये, डॅलसजवळच्या ॲलनमध्ये आउटलेट मॉलमध्ये गोळीबार होऊन आठ जण गेले. त्यात भारतातून आलेली एक तरुण इंजिनिअर मुलगी होती. तेव्हापासून आमच्या मंडळाच्या व्हॉट्सॲप गटावर रेसिपी आणि गणपतीच्या वर्गणीच्या मधेमधे पिस्तुलांची चर्चा सुरू झाली. कोणतं घ्यावं, कुठे शिकावं, घ्यावं की नाही.

स्वतःच्या दुकानात पिस्तूल ठेवायला टेक्सासमध्ये पूर्वीही परवाना लागत नव्हता. गाडीत ठेवायलाही २००७ पासून लागत नाही. माझा प्रश्न होता तो दुकानाच्या दारापासून गाडीपर्यंतचा आणि गाडीपासून बँकेच्या भिंतीतल्या त्या झडपेपर्यंतचा. तोही २०२१ च्या कायद्याने सोडवून टाकला होता. मग परवाना कशाला? खरं सांगायचं तर मला शिकवायला कुणीतरी हवं होतं आणि शिकल्यावर “हो, हिला येतं” असं म्हणणारं कुणीतरी त्रयस्थ हवं होतं. नवऱ्याने यूट्यूब सुचवलं होतं.

बंदुकीचा परवाना म्हटलं की मला आमच्या कराडकडचे थोरले चुलते आठवतात. त्यांच्याकडे बारा बोअरची दुनळी होती, उसात घुसणाऱ्या रानडुकरांसाठी. तिचा परवाना म्हणजे घरातला एक मानाचा कागद. तो जिल्हाधिकाऱ्यांकडून मिळायचा, त्याआधी पोलिसांची चौकशी, गावात विचारपूस, आणि सगळ्यात आधी एकच सवाल: कशासाठी हवी? परवान्यात बंदुकीचा नंबर, काडतुसांचा हिशेब. निवडणूक जाहीर झाली की बंदूक पोलीस ठाण्यात जमा करायची आणि निकालानंतर सोडवून आणायची. चुलते दर निवडणुकीला चिडायचे, पण जमा करायचे. टेक्सासचा अर्ज ऑनलाइन भरताना मी सवयीने तो रकाना शोधत होते. कारणाचा रकानाच नाही. परवाना कोणत्या पिस्तुलाचा तेही कुणी विचारत नाही, कारण परवाना माणसाचा असतो, हत्याराचा नाही. टेक्सास राज्य पिस्तुलांची नोंदणीच ठेवत नाही. तुम्ही अपात्र नसाल तर राज्याने परवाना द्यायचाच, अधिकाऱ्याच्या मर्जीचा प्रश्न नाही.

अपात्र कोण, याची यादी मात्र लांबलचक आहे आणि मजेशीरही. मोठा गुन्हा सिद्ध झालेला नको, गेल्या पाच वर्षांत मधल्या दर्जाचाही नको, खटला प्रलंबित नको, घरगुती हिंसाचाराबद्दलचा संरक्षण आदेश तुमच्याविरुद्ध नको, दारूचं किंवा अमली पदार्थांचं व्यसन नको. इथवर समजतं. पण मुलांच्या पोटगीची थकबाकी असेल तरी परवाना नाही आणि राज्याचा किंवा शहराचा कर थकवल्याचं ठरलं असेल तरी नाही! सेल्स टॅक्स भरणाऱ्या दुकानदाराला हे वाचून पोटात गोळा येतोच. मी त्या रात्री आमचे सगळे चलान पुन्हा तपासले. सेल्स टॅक्सच्या भीतीने पिस्तुलापासून दूर राहिलेले काही लोक टेक्सासमध्ये नक्की असतील.

इथे एक गोष्ट आपल्या लोकांसाठी ठळक सांगायला हवी, कारण ती मी वर्गापेक्षा व्हॉट्सॲप गटावर जास्त वेळा समजावून सांगितली आहे. एच-वन-बी, एच-फोर किंवा विद्यार्थी व्हिसावर असलेल्या माणसाने बंदूक किंवा काडतूस जवळ बाळगणं हाच फेडरल, म्हणजे केंद्र सरकारच्या कायद्याने गुन्हा आहे. शिकारीच्या वैध परवान्यासारखे मोजके अपवाद सोडले तर त्यात पळवाट नाही. रेंजवर भाड्याने पिस्तूल घेऊन वाढदिवस साजरा करणं हेही ‘जवळ बाळगणं’च. माझ्या नणंदेचा मुलगा ऑफिसातल्या मित्रांबरोबर असा जाणार होता. त्याला म्हटलं, ग्रीन कार्ड येईपर्यंत थांब, बोलिंगला जा. ग्रीन कार्डवाल्याला बंदी नाही आणि नागरिकाला तर नाहीच. पण आपल्याकडे ग्रीन कार्डची रांग किती लांब आहे ते सगळ्यांनाच माहीत आहे, त्यामुळे टेक्सासमधल्या बऱ्याच मराठी घरांपुरता हा विषय तिथेच संपतो.

पिस्तूल मी आधी घेतलं. दुकानात काचेखाली मांडून ठेवलेली असतात, मोबाइलच्या दुकानात असावीत तशी. मी नऊ मिलिमीटरचं, मध्यम आकाराचं घेतलं. अगदी छोटं घेऊ नका, असं काउंटरवरच्या बाईने निक्षून सांगितलं. छोटं पिस्तूल हातात जास्त उसळतं, शिकणाऱ्याचा नेम बिघडतो आणि मग ते कपाटातच राहतं. स्लाइड, म्हणजे पिस्तुलाचा वरचा सरकता भाग, मागे ओढून बघा, असं म्हणून तिने एकापाठोपाठ एक हातात दिली. कणीक मळून मनगटं तयार असली तरी काहींची स्लाइड मला हलेना. मग फेडरल सरकारचा ४४७३ क्रमांकाचा फॉर्म. पहिलाच प्रश्न असा की खरे खरेदीदार तुम्हीच ना, दुसऱ्या कुणासाठी तर घेत नाही? पुढे गुन्हे, व्हिसा, मानसिक आजारासाठी सक्तीने दाखल केलं होतं का, वगैरे. गांजाच्या प्रश्नाशेजारी स्वतंत्र ताकीद आहे: तुमच्या राज्याने परवानगी दिलेली असली तरी फेडरल कायद्याने तो बेकायदाच. मग दुकानदार पार्श्वभूमीची तपासणी करतो. एलटीसी असेल तर टेक्सासमध्ये ही तपासणी पुन्हा करावी लागत नाही, पण तेव्हा माझ्याकडे परवाना नव्हता. मी तिथल्या खुर्चीवर बसून भिंतीवरच्या हरणांच्या मुंडक्यांकडे बघत राहिले. निरोप यायला फार वेळ लागला नाही.

वर्ग एका शनिवारी होता. कायद्याने चार ते सहा तास. वर्गाचा भाग आता ऑनलाइनही करता येतो, फक्त नेमबाजी प्रत्यक्ष द्यावी लागते. मी मुद्दाम प्रत्यक्ष वर्ग निवडला. शिक्षक शेरीफच्या खात्यातून निवृत्त झालेले, पोट सुटलेले, आवाज मऊ. मी मनात त्यांना मास्तर म्हणायला लागले. वर्गात एक रात्रपाळीची नर्स, एक ट्रक ड्रायव्हर, निवृत्त नवरा-बायको, एका चर्चच्या सुरक्षा पथकातले दोघे आणि मी. सगळ्यांना त्यांनी सुरुवातीलाच विचारलं, “परवाना लागत नाही, तरी का आलात?” अर्जाने न विचारलेला प्रश्न असा इथे भेटला. ट्रक ड्रायव्हर म्हणाला, त्याला लुइझियाना आणि ओक्लाहोमामधून जायचं असतं आणि टेक्सासचा परवाना तीसहून अधिक राज्यांत चालतो. कॅलिफोर्निया, न्यूयॉर्क, न्यू जर्सी, इलिनॉय मात्र मानत नाहीत. नर्स म्हणाली, शाळांमुळे. हे मला ठाऊक नव्हतं. शाळेपासून एक हजार फुटांच्या आत बंदूक नेण्यावर फेडरल बंदी आहे आणि त्यातून राज्याचा परवाना असलेल्याला सूट मिळते. शहरात एक हजार फूट म्हणजे किती, हे नकाशा उघडून बघा. आमच्या दुकानापासून बँकेपर्यंतच्या रस्त्यावरच एक प्राथमिक शाळा आहे. विनापरवाना चालतं असं राज्य म्हणतं, पण त्याच रस्त्यावर फेडरल कायद्याचं म्हणणं वेगळं असतं. नवऱ्याला द्यायला माझ्याकडे पहिलं ठोस उत्तर त्या शनिवारी आलं.

इतिहास मास्तरांनी चहाच्या सुट्टीआधी उरकला, पण मला तो पुरला. बंदुकांचं राज्य म्हणून ओळखल्या जाणाऱ्या टेक्सासने घराबाहेर पिस्तूल बाळगण्यावर १८७१ साली बंदी घातली होती आणि ती जवळजवळ सव्वाशे वर्षं टिकली. १६ ऑक्टोबर १९९१ ला किलीन गावातल्या लूबीज कॅफेटेरियात एकाने ट्रक आत घुसवला आणि २३ माणसं मारली. तिथे जेवायला आलेल्या सुझॅना हप यांचे आईवडील त्यात गेले. सुझॅना यांचं पिस्तूल बाहेर गाडीत होतं, कारण कायदा मोडायचा नव्हता. त्यांनी पुढे जागोजागी साक्ष दिली आणि नंतर राज्याच्या विधिमंडळात निवडून आल्या. १९९३ साली पिस्तूल लपवून बाळगू द्यावं का यावर सार्वमत घेण्याचं विधेयक आलं तेव्हा गव्हर्नर ॲन रिचर्ड्स यांनी नकाराधिकार वापरला. १९९५ मध्ये जॉर्ज डब्ल्यू. बुश यांनी सही केली आणि पुढच्या वर्षापासून लपवून पिस्तूल बाळगण्याचे परवाने सुरू झाले. २०१६ पासून परवानाधारकाला ते उघड लावायलाही परवानगी मिळाली, म्हणून परवान्याचं नाव बदललं. २०१७ ला फी १४० डॉलरवरून ४० वर आली. आणि २०२१ ला परवान्याची गरजच गेली. मास्तर म्हणाले, “माझा धंदा अर्धा बसला.” मग जरा थांबून म्हणाले, “पण माझी काळजी धंद्याची नाही.”

वर्गात जे शिकवलं त्यातलं पिस्तुलाबद्दलचं फारच थोडं होतं, हे मला अनपेक्षित होतं. कायद्याने ठरवून दिलेले विषय आहेत: बळाचा वापर केव्हा समर्थनीय, हाणामारीविना वाद कसा मिटवायचा, सुरक्षित हाताळणी, मुलांच्या हाती लागणार नाही अशी साठवण. वाद मिटवण्यावर मास्तरांनी तासभर घेतला. गाडीचा हॉर्न, पार्किंगची जागा, दारूच्या नशेतला शेजारी. पिस्तूल कमरेला आहे म्हणजे आता तुम्हाला भांडण हरणं भाग आहे, असं ते म्हणाले. कुणी शिवी दिली तर सॉरी म्हणून निघायचं. आमच्या सासूबाई आयुष्यभर हेच सांगत आल्या, पण त्यांच्या कमरेला किल्ल्यांचा जुडगा होता.

बळाच्या वापराचा भाग ऐकताना वर्गात कुणी खोकलंसुद्धा नाही. स्वतःच्या किंवा दुसऱ्याच्या जिवावर बेतलं तर जीवघेण्या बळाला टेक्सास मुभा देतो, हे अपेक्षितच होतं. पण मालमत्तेसाठीही, विशेषतः रात्रीच्या चोरीत, काही अटींवर मुभा आहे. मास्तरांनी २००७ चं उदाहरण दिलं. ह्यूस्टनला लागून असलेल्या पासाडेनात एका माणसाने शेजारच्या घरात चोर शिरलेले पाहिले, ९११ ला फोन लावला, पलीकडून “बाहेर जाऊ नका” असं सांगत असताना तो बंदूक घेऊन गेला आणि दोघांना मारलं. २००८ मध्ये ग्रँड ज्युरीने खटला भरायला नकार दिला. ट्रक ड्रायव्हर “बरोबर केलं” असं पुटपुटला. मास्तरांनी त्याच्याकडे बघून विचारलं, शेजाऱ्याच्या घरात काय होतं, ज्यासाठी तू दोन माणसं मारशील आणि नंतर रोज ते आठवशील? मग त्यांनी माझ्याकडे वळून विचारलं, “मॅडम, तुमच्या पिशवीत रात्री किती असतात?” मी आकडा सांगितला. ते म्हणाले, “पिशवी फेका आणि पळा. पिस्तूल पिशवीसाठी नाही.” म्हणजे ज्या कामासाठी मी आले होते, त्याच कामासाठी ते वापरायचं नाही, हे ऐकायला मी फी भरली होती. चांगलीच गेली म्हणायची.

जेवणानंतर रेंज. याबद्दल जरा सविस्तर सांगते, कारण बायका मला हेच विचारतात. गळ्याशी बंद असलेला कपडा घालून या, असा निरोप आधीच आला होता. का, ते पहिल्या पाच मिनिटांत कळलं. शेजारच्या मार्गिकेतल्या पिस्तुलातून उडालेली तापलेली पुंगळी नर्सच्या कॉलरवर येऊन आदळली. उघडा गळा असता तर आत गेली असती आणि त्या झटक्यात माणूस हातातलं पिस्तूल कुठेही वळवतो. आवाजासाठी कानात बोळे आणि वर मफ असे दोन्ही घातले, तरी शेजारचा बार छातीत वाजतो. दारूचा वास दिवाळीच्या फटाक्यांसारखा अजिबात नाही, तो तेलकट आणि धातूचा असतो. हाताला लागलेलं शिसं साबणाने नीट धुवायचं आणि त्याआधी काही खायचं नाही, हेही तिथेच शिकले.

परीक्षा अशी: माणसाच्या आकाराची काळी कागदी आकृती, एकूण पन्नास गोळ्या. तीन यार्डांवरून वीस, सात यार्डांवरून वीस, पंधरा यार्डांवरून दहा. आकृतीच्या मधल्या भागात लागली तर पाच गुण, बाहेर सरकत गेली तसे चार, तीन. २५० पैकी १७५ मिळवायचे. वेळ ठरलेली, कधी दोन सेकंदांत एक गोळी, कधी सलग पाच. होल्स्टरमधून काढायचं नसतं, पिस्तूल आधीच हातात धरून उभं राहायचं. म्हणजे पास होणं कठीण नाही. मास्तरांनी आधी नुसता श्वास आणि चाप यांचा सराव करून घेतला, रिकाम्या पिस्तुलाने. चाप ओढायचा नाही, दाबत न्यायचा, आणि बार कधी निघाला हे तुम्हालाच नवल वाटलं पाहिजे. तीन यार्डांवर माझ्या सगळ्या गोळ्या हाताच्या पंजात मावतील इतक्या जवळ लागल्या. पंधरावर मात्र त्या आकृतीच्या खांद्यांकडे फिरायला निघाल्या. दोनशेच्या थोडं वर गुण पडले. निवृत्त बाईंनी नवऱ्यापेक्षा जास्त मिळवले आणि परतीच्या गाडीत त्या दोघांत शांतता राहिली असणार.

मला मात्र ही परीक्षा सोपी आहे याचंच वाईट वाटलं. जिवंत माणूस काळ्या कागदासारखा समोर उभा राहत नाही, अंधार असतो, हात थरथरतात, मागे कुणाचं तरी घर असतं. आणि एवढीही परीक्षा आता ऐच्छिक आहे. ज्याला मॅगझिन, म्हणजे गोळ्यांची पेटी, कुठून भरतात हे माहीत नाही, तोही ते कमरेला लावून माझ्या दुकानात तूरडाळ घ्यायला येऊ शकतो. माझं मत विचाराल तर निदान हा एक शनिवार सक्तीचा ठेवायला हवा होता. मंडळात हे बोलले तेव्हा अर्धे म्हणाले तू बंदूकवाली झालीस आणि उरलेले म्हणाले तू बंदूकविरोधी आहेस.

लेखी परीक्षेत ७० टक्के लागतात. ती वर्ग ऐकलेल्याला अवघड नाही. मग ठसे. राज्य हे काम एका खासगी कंपनीकडून करून घेतं, तिथे ऑनलाइन वेळ घ्यायची. माझे ठसे यंत्राला पटेनात. दिवसभर मसाल्यांच्या पिशव्या भरणं, पुठ्ठ्याची खोकी फोडणं आणि रात्री भांडी, यांत बोटांच्या रेषा झिजतात असं तिथली मुलगी म्हणाली. तिने लोशन लावलं, पुसलं, एकेक बोट दाबून पुन्हा घेतलं. वीटकाम करणाऱ्यांचं आणि नर्सांचं असंच होतं म्हणे. अर्जात गेल्या पाच वर्षांतले राहते पत्ते भरायचे होते, ते सोपं गेलं, आम्ही हललोच नाही. कागद पूर्ण पोचल्यावर सार्वजनिक सुरक्षा खात्याला साठ दिवसांची मुदत असते. कार्ड पोस्टाने आलं, ड्रायव्हिंग लायसन्ससारखंच, पातळ प्लॅस्टिकचं. पहिल्या परवान्याची मुदत चौथं वर्ष संपल्यानंतरच्या पहिल्या वाढदिवसापर्यंत असते. पिस्तूल जवळ असताना पोलिसाने ओळखपत्र मागितलं तर दोन्ही कार्डं पुढे करायची, हात स्टिअरिंगवर ठेवायचे आणि सांगून मगच हलवायचे.

आता गंमत अशी की परवाना हातात आल्यावर खरा प्रश्न उरतो: ते ठेवायचं कुठे? पुरुषांच्या पँटला पट्टा असतो. कुर्ता-लेगिंगला काय असतं? पर्समध्ये ठेवू नका असं मास्तरांनी बजावलं होतं, कारण चोर आधी पर्सच ओढतो आणि पर्स कुठेही ठेवली जाते, मुलंही उघडतात. सतरा वर्षांखालच्या मुलाच्या हाती भरलेलं पिस्तूल लागेल असं ठेवणं हा स्वतंत्र गुन्हा आहे. शेवटी पोटाला गुंडाळायचा रुंद इलॅस्टिकचा पट्टा घेतला, चाप पूर्ण झाकणाऱ्या कडक होल्स्टरसकट. सैल कुर्त्याखाली तो दिसत नाही, पण ह्यूस्टनच्या ऑगस्टमध्ये तो पट्टा लावून दुकानात उभं राहून दाखवा. साडीत तर विचारूच नका. हळदीकुंकवाला वाकून ओटी भरताना पदराखालून काय डोकावेल या विचारानेच मी ते घरी तिजोरीत ठेवते. तसं ते बहुतेक वेळा तिजोरीतच असतं.

कारण नेता येत नाही अशा जागा मोजायला लागलं की आपलं आयुष्य तिथेच जातं असं लक्षात येतं. शाळा नाही, आणि आमच्या मंडळाचा गणपती शाळेच्या सभागृहात बसतो. पोस्ट ऑफिस नाही, त्याच्या पार्किंगमध्येसुद्धा नाही, तो फेडरल नियम. मतदान केंद्र नाही. कोर्ट नाही. सामने नाहीत. ज्या बारची निम्म्याहून अधिक कमाई तिथेच बसून पिण्यातून येते तिथे नाही, दाराशी लाल अक्षरांत ‘५१%’ अशी पाटी असते. विमानतळावर तपासणीच्या पुढे नाही. विसरून कुणी पिस्तूल बॅगेत ठेवलंच, तर टेक्सासमध्ये परवानाधारकाला सूचना मिळताच मागे फिरून निघून जाण्याची सवलत आहे, पण विमान सुरक्षावाल्यांचा दंड वेगळा बसू शकतो. देवळांचं २०१९ पासून सोपं झालं, पाटी लावून बंदी घातली नसेल तर चालतं. देवळात पिस्तूल घेऊन जाणं मला मात्र जमलेलं नाही.

मुलगी ऑस्टिनला विद्यापीठात शिकते. सरकारी विद्यापीठांच्या आवारात परवानाधारकाला, फक्त परवानाधारकालाच, ते लपवून नेता येतं. हा नियम १ ऑगस्ट २०१६ ला लागू झाला. तिच्याच विद्यापीठाच्या मनोऱ्यावरून १९६६ साली झालेल्या गोळीबाराला त्या दिवशी बरोबर पन्नास वर्षं झाली होती. तारखेचा हा योगायोग मला तिनेच रागाने ऐकवला. “आई, मला भेटायला येशील तेव्हा ते आणायचं नाही,” असंही म्हणाली. मी आणत नाही. तिच्या खोलीवर जाताना मी डिंकाचे लाडू नेते आणि तेवढ्यावर आमचा समेट आहे.

सगळ्यात जास्त वादावादी झाली ती दुकानाच्या दारावरच्या पाट्यांवरून. परवाना काढण्याआधी मला त्या पाट्या वाचताच येत नव्हत्या, म्हणजे दिसत होत्या पण अर्थ लागत नव्हता. दंड संहितेचं कलम ३०.०६ म्हणजे परवानाधारकाने लपवून आणायचं नाही. ३०.०७ म्हणजे परवानाधारकाने उघड लावून यायचं नाही. आणि २०२१ नंतर ज्याला महत्त्व आलं ते ३०.०५, म्हणजे बंदूक घेऊन आत येणं हाच अनधिकार प्रवेशाचा गुन्हा, पण परवाना असलेल्याला त्यातून बचाव मिळतो. मजकूर ठरलेला. ३०.०६ आणि ३०.०७ ची अक्षरं किमान एक इंच उंच, पार्श्वभूमीशी उठून दिसणारी, इंग्रजी आणि स्पॅनिश दोन्हींत. नुसतं लाल वर्तुळात आडवी रेघ मारलेलं पिस्तूल चिकटवलं तर त्या दोन कलमांखाली काही होत नाही. परवानाधारकाने पाटी असून आत आणलं तर दोनशे डॉलरपर्यंत दंड, तोंडी सांगूनही गेला नाही तर प्रकरण पुढे जातं. ह्यूस्टन परिसरात सगळीकडे असलेल्या एच-ई-बी या किराणा साखळीने उघड पिस्तूल नको, पण परवानाधारकाचं लपवलेलं चालेल, असा मार्ग २०१६ मध्येच काढला.

नवऱ्याला तिन्ही पाट्या हव्या होत्या. त्याचं म्हणणं, डाळ-तांदूळ घ्यायला पिस्तूल कशाला? मला ३०.०५ आणि ३०.०७ पुरेशा वाटत होत्या. निदान वर्गात बसून पिशवी फेकून पळायला शिकलेला माणूस तरी आत येईल, बाकीच्यांनी गाडीत ठेवावं. “म्हणजे तुझ्या त्या चाळीस डॉलरना किंमत यावी म्हणून पाटी,” तो म्हणाला. म्हटलं, तसंच समज. शेवटी दोनच लावल्या. छापणाऱ्याने मोठ्या अक्षरांचे जादा पैसे घेतले, आणि ‘ताजे ढोकळे मिळतील’ ही पाटी सरकवून दारावर जागा करावी लागली, त्यावर आमच्या ढोकळेवाल्या काकू अजून नाराज आहेत. तिसरी पाटी नवऱ्याने छापून घेतलीच आहे, ती गोदामात पिठाच्या पोत्यांमागे उभी आहे आणि बातम्यांत काही आलं की तो ती बाहेर काढून धूळ झटकतो.